खिडकीतून काढलेले भोंगे

तुम्ही इथे हॉलंडमध्ये, आइंडहोव्हनच्या मराठी मंडळात कधी आला असाल, तर ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली असणार. गणपतीत सांगितली आहे, दिवाळीच्या फराळाला सांगितली आहे, एका डोहाळजेवणालासुद्धा सांगितली आहे. पोलीस, वेन्डेल, भोंगे आणि मी. सांगताना मी उभी राहते, हात वर करते आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतात.

ती गोष्ट खोटी आहे. खरी काय ती मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला नाही, देवापुढे पुटपुटलेलीसुद्धा नाही. आज सांगते. आणि आधीच बजावून ठेवते — ऐकून झाल्यावर “अगं, तुझ्या जागी कोणीही असतं तरी…” हे वाक्य काढायचं नाही. माझ्या जागी दुसरं कोणी नव्हतं. मीच होते.

आधी भोंग्यांचं सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही — म्हणजे, थोडं टाळतेही आहे. पण ऐका.

माझे वडील, अण्णा, इस्लामपुरात लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न, मुंज, जत्रा, निवडणूक, जिथे चार माणसं जमतील तिथे अण्णांचे राखाडी भोंगे बांबूला बांधलेले असायचे. सायकलच्या दांडीवर बसून, मांडीवर भोंगा धरून मी गावभर फिरले आहे. त्या भोंग्याच्या तोंडात डोकं घालून स्वतःच्याच नावाने ओरडायचं, हा माझा लहानपणचा खेळ. पुढे इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली, लग्न केलं, नवऱ्याच्या पाठोपाठ इकडे आले — नाही, हेही खोटंच. चारचौघांत असं सांगायची सवय लागली आहे, त्याला बरं वाटतं म्हणून. नोकरी आधी मला लागली. चिप बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासायचं काम. तो माझ्या पाठोपाठ आला.

इथे आल्यावर कळलं की जगात अशी माणसं आहेत जी भोंगे घरात ठेवतात. दिवाणखान्यात! शौक म्हणून! अण्णांचे तसले किरकिरे नव्हेत हो. जुन्या सिनेमा थिएटरातले, लाकडी, तोंड एवढं मोठं की लहान मूल आत मांडी घालून बसेल. मागे एक छोटासा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, त्याला व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून चिमूटभर वीज द्यायची, की गाणारी बाई खोलीत येऊन उभी राहते. तिचा श्वास ऐकू येतो. तानेच्या आधी तिने ओठ मिटले ते ऐकू येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, रडले. मंडळातल्या बायका म्हणायच्या, “घरात भोंगा? मग आता सत्यनारायण घाल आणि लाव एकदाचा.” हसू देत. मला हवा म्हणजे हवाच होता.

या वेड्यांचा एक गट महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये जमायचा. सगळे पांढऱ्या केसांचे पुरुष. पहिल्या दिवशी एकाने मला विचारलं, तुमचे मिस्टर गाडी लावून येतायत का? मागून आवाज आला, “तुला निदान कोणाची तरी बायको समजले. मला विचारतात, कॉफी कधी आणणार.” तो वेन्डेल.

वेन्डेल तेव्हा पन्नाशीला आलेला, टिलबर्गच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायचा. जन्म दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा, पण दोन वर्षांचा असल्यापासून हॉलंडमध्ये. काळा. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्या मंडळात त्याला “तो तुझा डार्क मित्र” म्हणायचे, आवाज खाली आणून. बोलका, बढाईखोर, इस्त्रीच्या शर्टांचा शौकीन, जुनी स्टेशनवॅगन नव्यासारखी चकचकीत ठेवणारा. भोंग्याचं तोंड गोल बरं की चौकोनी, यावरून आम्ही तास-तास भांडायचो. आमच्याकडे जेवायला आला की वरणभाताबरोबर लिंबाचं लोणचं बरणीतूनच खायचा. माझी मुलगी रेवा त्याला ‘ओम वेन्डेल’ म्हणायची. ओम म्हणजे काका.

त्याची ती चकचकीत गाडी पोलीस अडवायचे. सारखी. दिवा फुटलेला नाही, वेग जास्त नाही, काही नाही — आणि थांबवलं. तो हे विनोद म्हणून सांगायचा. कागद कुठे ठेवायचे, हात कुठे दिसले पाहिजेत, टोपी कधी काढायची. “गाडी तुमचीच का, सर?” “नाही, फिजिक्सच्या शिक्षकांना सरकार फुकट वाटतं.” आम्ही पोट धरून हसायचो. तो हसताना एकदा हळूच म्हणाला होता की शाळेतली मुलं गाडीत शेजारी बसलेली असतील तर मात्र हसू येत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच सांगते आहे. मला कल्पनाच नव्हती, मी इथे नवीन होते, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

आणि घरचे संस्कार म्हणाल, तर तेही ऐका. मी लहान असताना एका जत्रेत हवालदार आला आणि भोंगा बंद करा म्हणून अण्णांच्या कामाच्या माणसावर, शिवावर, धावून गेला. गचांडी धरली त्याची. अण्णा तसे भित्रे. सापाचं चित्र असलेलं पानसुद्धा उलटायचे नाहीत. पण ते मध्ये शिरले. म्हणाले, “साहेब, त्याला सोडा. भोंगा माझा आहे. परवानगी माझ्याकडे आहे.” एक सणसणीत कानफटात खाल्ली त्यांनी. मी सायकल धरून उभी होते. म्हणजे अशा वेळी काय करायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

असो. २०१३ साल. मे महिना.

शिफोल विमानतळाला लागून बाडहूव्हडॉर्प नावाचं गाव आहे. तिथल्या हानेके नावाच्या बाईंनी जाहिरात दिली होती. त्यांचा नवरा सिनेमाचा प्रोजेक्टर चालवायचा. थिएटर बंद पडलं तेव्हा त्याने तिथले दोन भोंगे घरी आणले आणि मरेपर्यंत त्यांवर गाणी ऐकली. घ्यायला पुष्कळ जण टपले होते. मी फोनवर अण्णांचं सांगितलं, सायकलच्या दांडीचं सांगितलं, आणि बाई म्हणाल्या, तूच ने. एक शनिवार ठरला. वेन्डेलची गाडी, वेन्डेलचे हात, आणि हौस माझी.

आम्ही पोचलो, बाईंनी कॉफी पाजली. त्यांना द हेगला लेकीकडे जायचं होतं. घराची किल्ली माझ्या हातात दिली, जाताना दाराच्या फटीतून आत टाक म्हणाल्या, आणि बस पकडून गेल्या. बघा, किल्ली माझ्या हातात. त्यांना मी आवडले होते.

आता इथली एक रीत सांगायला हवी. इथली घरं उंच, चिंचोळी. जिना असा की एका माणसाने चढताना दुसऱ्याने वाट बघायची, आणि दारंही तशीच अरुंद. त्यामुळे सोफा, कपाट, पलंग, जे काही मोठं असेल ते खिडकीतून ये-जा करतं. खिडकीची काच चौकटीसकट उतरवायची, सामान काढायचं, परत बसवायची. कोणी मान वर करून बघतही नाही. आमच्या समोरच्यांचा पियानो असाच खिडकीतून गेला, तेव्हा सगळी गल्ली चहा पीत बघत होती. हे भोंगेही तसेच घरात शिरले होते, आणि तसेच निघणार होते. वेन्डेलने रस्त्याकडची खिडकी उतरवली. मी फुटपाथवर गोधड्या अंथरल्या. पहिला भोंगा आम्ही दोघांनी बाहेर घेतला, आणि त्याला ऊन लागलं तेव्हा आतलं लाकूड मधासारखं दिसलं. मला नाचावंसं वाटत होतं.

भूक लागली होती. मी म्हटलं, कोपऱ्यापलीकडे सुपरमार्केट आहे, पाव आणि चीज घेऊन येते. वेन्डेल खिडकीत बसलेला, एक पाय आत, एक बाहेर. म्हणाला, “लवकर ये. आज माझी परवानगी तू आहेस.” मी हसले. अगदी अण्णांसारखं बोललास, म्हटलं.

लवकर ये — का म्हणाला, हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं हो. तरी मी दुकानात रेंगाळले. तिळाचा पाव घ्यावा की साधा, यात.

कोपऱ्यावरून वळले तर पोलिसांची गाडी. दोन पोलीस. वेन्डेल फुटपाथवर उभा, हात दोन्ही बाजूंना लांब धरलेले. गोधडीवर भोंगा. पलीकडच्या दारात एक बाई, छातीशी हात घट्ट बांधून. फोन तिनेच केला असणार. पियानोच्या वेळी नाही केला कोणी फोन. हे वाक्य मी तिथल्या तिथे मनात म्हटलं, बरं का. मला सगळं समजत होतं. समजण्यात मी कधीच कमी पडले नाही.

मी चालत राहिले. पाय थांबले नाहीत, कारण थांबले असते तर दिसले असते. जवळ आले तसं ऐकू आलं — वेन्डेल शांतपणे सांगत होता की माझी मैत्रीण आत्ता येईल, घराची किल्ली तिच्याकडे आहे. धाकटा पोलीस वळला. माझ्याकडे बघून हसला. छान हसला हो, मुलगा चांगल्या घरचा होता. आणि अतिशय अदबीने विचारलं, “मॅडम, तुम्ही या माणसाला ओळखता का?”

किल्ली माझ्या जॅकेटच्या खिशात होती. माझी मूठ तिच्यावर होती.

मी म्हटलं, “नाही.”

झालं. एवढंच. आठ-नऊ वर्षांची डच माझी, मोडकीतोडकी — पण ‘नाही’ म्हणायला कुठला कोर्स लागतो?

पोलिसाने वेन्डेलकडे बघितलं. मैत्रीण म्हणालास ती हीच का, असं. वेन्डेलने माझ्याकडे बघितलं — फार वेळ नाही, रस्त्याने जाणाऱ्या बाईकडे बघतात तेवढाच वेळ. आणि म्हणाला, “ती नव्हे.”

मी पुढे गेले. पावाची पिशवी हातात, नाकासमोर बघत. मागे हातकडीचा आवाज झाला. तो आवाज मला घरच्या भोंग्यातून कधीही ऐकू येतो. नाही — असलं काही लिहायचं नाही. तो आवाज मी एकदाच ऐकला, आणि मी चालत राहिले. बस.

आता तुम्ही म्हणाल, घाबरली असेल. व्हिसा, परमिट, कंपनी, पोर लहान. आमच्या मंडळातल्या कोणालाही विचारा, खिशात कंपनीचं कार्ड आणि रेसिडन्स परमिट असल्याशिवाय आम्ही कचरा टाकायलाही बाहेर पडत नाही. त्या भीतीचं मी पुष्कळ भांडवल करू शकते. पण खरं सांगू? मी घाबरले नव्हते. भीती काय असते ते मला ठाऊक आहे, पोटात कळ येते. तेव्हा कळ आली नाही. तेव्हा — कसं लिहू हे — तेव्हा मला बरं वाटलं.

हो. बरं वाटलं. तो गोरा मुलगा माझ्याकडे बघून हसला, मला मॅडम म्हणाला, माझी साक्ष काढली. रस्त्यावर दोन सावळी माणसं होती, आणि त्याने त्यांतलं एक वेगळं काढलं, आणि ते मी होते. मी त्यातली नाही. हे वाक्य मला कोणी शिकवलं? आपल्या घरांत, सोयरिकी जुळवताना, घर भाड्याने देताना, पंगतीत बसताना हे वाक्य न बोलता किती वेळा बोललं जातं, हे तुम्हीही जाणता आणि मीही. पण ते त्या दिवशी बोलले मी. दुसऱ्या कोणावर नाही ढकलायचं.

पुढचं भराभर सांगते. गल्लीला वळसा घालून मी परत आले, तोवर पोलिसांची गाडी गेली होती. भोंगा त्यांनी उचलून खिडकीतून आत ठेवला होता. मी किल्लीने दार उघडलं. आता बघा, किल्ली निघाली! शेजारीण आलीच. म्हणाली, बरं झालं पकडला. आणि मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, तुम्ही हानेकेकडे साफसफाईला येता का? मी ‘हो’ म्हटलं. म्हटलं काय वाईट आहे त्यात, तेवढंच एक खरं वाटण्यासारखं. मॅडमची मोलकरीण व्हायला एक गल्लीसुद्धा ओलांडावी लागली नाही.

मग मी हानेकेबाईंना फोन केला. त्या पोलिसांवर एवढ्या कडाडल्या की वेन्डेल दोन-अडीच तासांत सुटला. हा फोन माझ्या खात्यात जमा करू नका. मी त्यांना सांगितलं की मी सुपरमार्केटमध्ये होते, परत आले तर हे झालेलं. तो फोनही खोटाच होता.

वेन्डेल बसने परत आला. मनगटं चोळत नव्हता, शर्ट खोचलेला होता. मला म्हणाला, “पाव आणलास?” बसून खाल्ला त्याने, सगळा. मग आम्ही दुसरा भोंगा काढला, खिडकी बसवली, दोन्ही भोंगे गाडीत लादले. वाटेतलं उट्रेख्त शहर मागे पडलं तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. म्हटलं, तो पोलीस काय विचारत होता ते मला नीट कळलंच नाही. वेन्डेल रस्त्याकडे बघत म्हणाला, “अवघड भाषा आहे खरी.”

भोंगे त्याने माझ्या घरात नीट लावून दिले. कोन मोजून, भिंतीपासून अंतर धरून. मी चहा केला. आम्ही एक रेकॉर्ड ऐकली आणि तो गेला.

इथवर फक्त भ्याडपणा. इथे थांबले असते तर निदान एकाच गुन्ह्यावर भागलं असतं.

रविवारी अण्णांचा फोन असायचा. भोंगे आले का, म्हणाले. मी म्हटलं आले. मग पोलीस आले होते हेही तोंडून गेलं, आणि अण्णांचा आवाज बदलला — मग? मग काय झालं? आणि मी — बापासमोर! — म्हटलं, मग काय, मी मध्ये शिरले. किल्ली वर धरली आणि म्हटलं, साहेब, त्याला सोडा. भोंगे माझे आहेत.

अण्णांनी नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाले, “माझी गं पोर ती.” दुसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या इस्लामपुराला ठाऊक झालं. शिवा घरी पेढे घेऊन आला. तीन वर्षांनी अण्णा गेले, तेव्हा आई म्हणाली, शेवटपर्यंत तुझी ती पोलिसांची गोष्ट सांगायचे. कसं वाटलं म्हणून विचारू नका.

एकदा बापाला सांगितल्यावर मंडळाला सांगणं सोपं होतं. सांगता सांगता ती गोष्ट गुळगुळीत झाली. किल्ली वर धरण्याची अदा आली, पोलिसाचा चेहरा कसा पडला ते आलं. टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवून झाल्यावर एक गृहस्थ म्हणायचे, पण तू तरी कशाला त्या लोकांच्या नादी लागतेस. मी वादळासारखी त्यांच्यावर तुटून पडायचे! वर्णभेदावर भाषण द्यायचे! त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तो बोलायचा हक्क असलेली मी त्या खोलीतली शेवटची बाई होते. आणि हो, मी माझं कबूल करते आहे म्हणून त्या पोलिसांचं माफ झालं असं कोणी समजू नये. खिडकीत काळा माणूस दिसला म्हणून फोन करणारी ती, किल्लीवाली येतेय हे ऐकूनही हातकडी घालणारे ते. त्यांचा हिशेब वेगळा. माझा वेगळा. एकातून दुसरा वजा होत नाही.

वेन्डेल यायचा, पण कमी. भोंग्यांपुरता. पुढे एकदा अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणायला लागला, म्हणून मी त्याला बोलावलं. रेवा तेव्हा आठ वर्षांची. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गापुढे उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. रेवाने विषय घेतला होता — आमच्या घरातले भोंगे. तिला ओम वेन्डेलसमोर तालीम करायची होती. मी म्हटलं, नको गं, त्याला काम करू दे. पण ती कसली ऐकते.

उभी राहिली सतरंजीवर. डचमध्ये, धडाधड. भोंगा कसा चालतो, आजोबा सायकलवरून भोंगे कसे न्यायचे. मी स्वयंपाकघरात, हात कणकेत. आणि मग तिने घराची किल्ली काढली, वर धरली आणि म्हणाली, “आणि माझी आई पोलिसांना म्हणाली, याला सोडा. हा माझा मित्र आहे, आणि भोंगे माझे आहेत.”

मी दारात आले. वेन्डेल जमिनीवर बसलेला, हातात स्क्रूड्रायव्हर. त्याने माझ्याकडे बघितलं. तस्संच. रस्त्याने जाणाऱ्या बाईकडे बघतात तेवढाच वेळ. रेवाने विचारलं, “हो ना, ओम वेन्डेल? असंच झालं ना?”

“असंच,” तो म्हणाला. “तुझ्या आईचा आवाज अख्ख्या गल्लीत ऐकू गेला.”

मी त्याच्या मागे गाडीपर्यंत धावले, पिठाच्या हातांनी. का केलंस असं, म्हटलं. तो म्हणाला, “तिला सोमवारी वर्गापुढे उभं राहायचंय. तुझं तू बघ.” दार लावलं आणि गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. नवीन वर्षाला मेसेज येतो, रेवाच्या नावाने.

दोनदा त्या माणसाने माझी लाज झाकली. एकदा मला वाचवायला की माझ्यावर थुंकायला, मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्यांदा माझ्यासाठी नव्हतंच ते. पोरीसाठी होतं.

माझं मी बघायला दोन वर्षं घेतली. रेवाला मराठी समजतं, उत्तर डचमध्ये येतं, आणि वाचता तर अक्षरही येत नाही. हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं. कडीकुलपात ठेवल्यासारखंच झालं की हे, तिच्यापासून. म्हणून इथवर लिहिलं आणि तिला हाक मारली. दुपारची वेळ, ती भोंग्यासमोर पालथी पडून काहीतरी ऐकत होती. म्हटलं, बंद कर ते, आणि ऐक. आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवलं. पेढे, पीठ, मोलकरीण, सगळं. ‘बरं वाटलं’ तेही गाळलं नाही. मुख्य म्हणजे तेच गाळलं नाही.

संपल्यावर ती भोंग्याच्या तोंडाकडे बघत बसली. वर्गात तिने किल्ली वर धरली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, बाईंनी पाठ थोपटली होती. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. मग तिने डचमध्ये एकच विचारलं.

“मग किल्ली कुठे होती?”

“माझ्या हातात,” मी म्हटलं. “पूर्ण वेळ माझ्या हातात होती.”